अंगठ्याच्या मुळाचा संधिवात आणि त्याचं ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताच्या ओपीडीत रोज कुणी ना कुणी अंगठ्याचं बूड दाबत येतं. प्रश्न बरेचसे तेच असतात. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत, आणि जे विचारायला लोकांना संकोच वाटतो तेही.

हे दुखणं नेमकं कुठल्या सांध्याचं?

अंगठ्याचं लांब हाड मनगटाजवळच्या ज्या छोट्या हाडावर टेकतं, तिथल्या सांध्याचं. त्या छोट्या हाडाला ट्रॅपेझियम म्हणतात. ते असतं साधारण लहान सुपारीएवढं. या सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग खोगिरासारखे एकमेकांवर बसतात, म्हणूनच अंगठा पुढे येतो, मागे जातो, फिरतो आणि करंगळीच्या मुळाला टेकतो. एवढं स्वातंत्र्य असलेला सांधा फक्त हाडांच्या आकारावर उभा राहत नाही, त्याला लिगामेंटनी, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांनी, धरून ठेवलेलं असतं. ती सैल पडली की वरचं हाड थोडं बाहेर घसरतं, गुळगुळीत कूर्चा झिजते आणि दुखणं सुरू होतं.

ताण किती पडतो याचा अंदाज सहसा कुणाला नसतो. कूनी आणि चाओ यांनी १९७७ साली मांडलेल्या गणितानुसार चिमटीच्या टोकाशी १ किलो जोर लावला, तर मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. जोरात मूठ आवळली तर तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. कुलपाची किल्ली फिरवताना जीव का कळवळतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

माझं हेच आहे की दुसरं काही?

बरणीचं झाकण, किल्ली, गॅसचा लायटर, कपडे पिळणं, बटण लावणं, नारळ खोवणं. यांत अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताच्या जाड उंचवट्याच्या वरच्या टोकाला कळ येत असेल तर शंका या सांध्याची. पुढे पुढे तिथे हाड बाहेर आल्यासारखा चौकोनी उंचवटा दिसू लागतो. डॉक्टर अंगठ्याचं हाड धरून हलका दाब देत गोल फिरवतात. तेव्हा करकर जाणवली आणि नेमकी तीच कळ उठली, तर निदान जवळपास झालंच.

पण शेजारीपाजारी बरंच काही दुखतं. मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेवर, थोडं वर दुखत असेल आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर ओरडायची वेळ येत असेल, तर तो बहुधा डी क्वेर्व्हेनचा त्रास, म्हणजे टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणाची सूज. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये हा नेहमी दिसतो. अंगठा वाकल्यावर अडकत असेल आणि टचकन सुटत असेल तर तो ट्रिगर थंब. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर कार्पल टनेलमध्ये, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात, नस दबते आहे. ही दुखणी एकाच हातात एकत्र नांदू शकतात. निम्मं दुखणं दुसऱ्याच जागेचं असताना सांध्याचं ऑपरेशन झालं, तर ते फसल्यासारखं वाटणारच. सकाळी तासभर सगळ्या बोटांची पेरं आखडत असतील आणि दोन्ही हात सुजत असतील, तर आधी आमवाताच्या रक्ततपासण्या करून घ्या. तो रस्ता वेगळा आहे.

आयुष्यभर कणीक मळली म्हणून झालं का? की मोबाइलमुळे?

कणीक मळणाऱ्या सगळ्यांना होत नाही आणि स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेल्यांना होतं. वय, बाईचं शरीर (पाळी जायच्या सुमारास आणि नंतर प्रमाण बरंच वाढतं), जन्मतः सैल सांधे, घराण्याची देणगी आणि जुनं फ्रॅक्चर, ही मुख्य कारणं. अंगठ्याच्या बुडाशी सांध्यात घुसणाऱ्या एका फ्रॅक्चरला बेनेट फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या एडवर्ड बेनेट यांनी १८८२ साली त्याचं वर्णन केलं. तरुणपणी क्रिकेट खेळताना किंवा स्कूटरवरून पडून ते झालं आणि ‘मुका मार आहे’ म्हणून सोडून दिलं, तर वीस-पंचवीस वर्षांनी त्याची वसुली होते.

मोबाइलवर टाइप करताना दुखतं हे खरं. त्याने झीज सुरू झाली असं म्हणणं मात्र घाईचं होईल. अंगठ्याऐवजी तर्जनीने टाइप करा, किंवा बोलून लिहा.

एक्स-रेमध्ये ‘हाडाला हाड लागलंय’ म्हणाले. आता ऑपरेशन करावंच लागेल ना?

नाही. एक्स-रे आणि दुखणं यांचं या सांध्यात फारसं जमत नाही, हे पहिल्यांदा समजून घ्या. झिजेच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातला एक्स-रे घेऊन निवांत भाकऱ्या थापणाऱ्या आजी आम्ही पाहतो. दुसऱ्या टप्प्यातल्या एक्स-रेवर रात्र रात्र जागणारी शिक्षिकाही पाहतो. ईटन आणि लिटलर यांनी १९७३ साली मांडलेले चार टप्पे रिपोर्टमध्ये असतात. सर्जनला ऑपरेशनचा प्रकार ठरवताना त्यांचा उपयोग होतो. ऑपरेशन करायचं की नाही हे त्यांनी ठरत नाही. एक्स-रेवर ऑपरेशन करायचं नसतं, ते माणसावर करायचं असतं.

मग ऑपरेशनआधी काय करून पाहायचं?

पट्टा, म्हणजे अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट. त्यात अंगठा ग्लास धरल्याच्या स्थितीत राहायला हवा. मेडिकल दुकानातला ‘फ्री साइज’ पट्टा अनेकदा फक्त मनगट धरतो आणि अंगठा मोकळाच सोडतो, त्याने काही साधत नाही. थेरपिस्टकडे थर्मोप्लास्टिकचा, मापाचा बनवून घेतलेला उत्तम. तो रात्री आणि जड कामाच्या वेळी लावायचा. दिवसभर अडकवून ठेवला तर अंगठ्याचे स्नायू सुस्तावतात.

त्याच्या जोडीला हाताचे व्यायाम. अंगठा तळहातापासून लांब नेणारे आणि अंगठा-तर्जनीच्या मधल्या स्नायूला ताकद देणारे. गरम पाण्याचा शेक, दुखणं कमी करणारं जेल, गरजेपुरत्या गोळ्या. मूत्रपिंड, पोटातला अल्सर किंवा हृदयाचा त्रास असेल तर या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. घरातल्या वस्तू थोड्या बदला: जाड मुठीची सुरी, झाकण उघडायला रबरी पकड, किल्लीला मोठी मूठ, कपडे पिळण्याऐवजी झटकून वाळत घालणं. कुकरचं झाकण दुसऱ्या कुणाला तरी लावू द्या. बऱ्याच घरांत हा सल्ला सगळ्यांत अवघड जातो.

तीन ते सहा महिने हे नीट केलं की कितीतरी लोकांना ऑपरेशन लागत नाही. ‘नीट’ म्हणजे पट्टा कपाटात ठेवून नव्हे.

इंजेक्शन किती वेळा घेता येतं?

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर काहींना काही आठवडे, काहींना काही महिने आराम पडतो. झीज भरून येत नाही. सांधा अरुंद असतो, त्यामुळे सोनोग्राफी किंवा एक्स-रेखाली दिलेलं इंजेक्शन जागेवर पडण्याची खात्री जास्त. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, घरी तपासत राहा. सावळ्या त्वचेवर सुईच्या जागी पांढरट डाग पडू शकतो. तो कोड नव्हे, पण दिसतो, आणि हे आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. वर्षाला दोन-तीनपेक्षा जास्त सहसा देत नाहीत. ऑपरेशन ठरलं असेल तर इंजेक्शननंतर निदान तीन महिने थांबलेलं बरं, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

पीआरपी, स्टेम सेल, तेल, काढे, पुड्या?

तेलाने चोळून बरं वाटत असेल तर खुशाल चोळा. सांधा ओढून ‘बसवून’ देणाऱ्याकडे जाऊ नका. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून दिलेलं इंजेक्शन) आणि स्टेम सेलने या सांध्याची कूर्चा परत उगवते असा भरवशाचा पुरावा नाही, आणि पैसे मात्र बरेच जातात. नावगाव नसलेल्या ‘वाताच्या पुड्यां’पासून लांब राहा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. म्हणूनच तर आराम ‘चमत्कारासारखा’ पडतो. घेत असाल तर भूलतज्ज्ञाला लपवू नका. खूप दिवस पोटात गेलेलं स्टेरॉइड अचानक बंद करणंही धोक्याचं असतं.

ऑपरेशनची वेळ आली हे कसं ओळखायचं?

पट्टा, व्यायाम, इंजेक्शन हे सगळं प्रामाणिकपणे करूनही झोप मोडते, रोजचं काम अडतं, हातातून कप सुटतो, आणि पुढचे दोन-तीन महिने हात बाजूला ठेवण्याची सोय होऊ शकते, तेव्हा. ‘उशीर झाला तर ऑपरेशनच होणार नाही’ अशी भीती घालणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नेहमीचं ऑपरेशन झीज खूप पुढे गेल्यावरही तेवढंच करता येतं. थांबण्याला एक अपवाद आहे, तो मधल्या पेराच्या प्रश्नात पुढे येईल.

ऑपरेशनमध्ये नक्की करतात काय?

सगळ्यांत जुनं आणि आजही सर्वाधिक भरवशाचं म्हणजे ते झिजलेलं छोटं हाडच काढून टाकणं, ट्रॅपेझिएक्टमी. इंग्लंडमध्ये जर्व्हिस यांनी १९४९ साली ते मांडलं.

अंगठ्याच्या बुडाशी ३-४ सेंटिमीटरचा छेद. त्वचेखाली लगेच अंगठ्याच्या पाठीला स्पर्श देणाऱ्या नसेच्या बारीक फांद्या येतात. त्या दोऱ्याएवढ्या असतात, पण दुखावल्या तर हाडाच्या दुखण्यापेक्षा जास्त छळतात, म्हणून त्या हळूच बाजूला धरायच्या. थोडं खोल गेलं की मनगटाची रक्तवाहिनी तिरकी आडवी जाते, तिलाही सोडवून बाजूला करायचं. मग सांध्याची पिशवी उघडते. हाड अखंड काढणं क्वचितच जमतं, बहुतेक वेळा तुकडे करून काढावं लागतं. तळाशी याच हाडाच्या खोबणीतून मनगट वाकवणारं एक टेंडन जातं, ते न कापता शेवटचे कण टिपायचे, हे खरं कौशल्याचं काम. एखादा तुकडा मागे राहिला तर तो पुढे बोचत राहतो. शेवटी खालच्या सांध्याचाही एक कोपरा पाहून घ्यायचा, कारण तिथली झीज राहून गेली तर दुखणंही राहतं.

उरलेल्या पोकळीत रक्त साकळतं आणि काही आठवड्यांत तिथे मऊ, चिवट व्रणपेशींची गादी तयार होते. अंगठा फार खाली बसू नये म्हणून काही सर्जन सुमारे चार आठवडे एक बारीक तार घालून ठेवतात. सगळं मिळून साधारण तासाभराचं काम, आणि बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी जातात.

हाडच काढलं तर अंगठा लुळा नाही का पडणार?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि तो रास्त आहे. लुळा पडत नाही. अंगठा हलवणारे स्नायू आणि टेंडन जागच्या जागी असतात, जातं ते फक्त घासणारं हाड. अंगठा किंचित आखूड होतो, तो एक्स-रेत कळतो आणि शेजारणीला कळत नाही. चिमटीची ताकद विशीतल्यासारखी होणार नाही. पण दुखण्यामुळे तुम्ही आधीच अर्ध्या ताकदीने काम करत असता, त्यामुळे दुखणं गेल्यावर बहुतेकांना हात ‘जोरात आला’ असंच वाटतं.

पोकळीत टेंडन भरायचं की नाही? एका डॉक्टरांनी भरायला सांगितलं, दुसरे नको म्हणतात.

दोघंही तुम्हाला फसवत नाहीत.

हाड काढल्यावर अंगठा खाली घसरेल ही काळजी सर्जनांना पूर्वीपासून होती. फ्रॉइमसन यांनी १९७० साली टेंडनची गुंडाळी करून पोकळीत भरली. बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी १९८६ साली मनगट वाकवणाऱ्या टेंडनची अर्धी पट्टी अंगठ्याच्या हाडातून ओवून लिगामेंट नव्याने बांधलं आणि उरलेला भाग पोकळीत ठेवला. ही पद्धत जगभर पसरली. आकृती काढून दाखवली की कुणालाही पटते, सर्जनलासुद्धा.

इंग्लंडमध्ये डेव्हिस, ब्रेडी आणि डायस यांनी तिची परीक्षाच घेतली. १६२ स्त्रियांचे १८३ अंगठे, चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटणी: नुसतं हाड काढणं, हाड काढून टेंडन भरणं, आणि हाड काढून लिगामेंट बांधून टेंडन भरणं. २००४ साली निकाल छापला. वर्षभरानंतर दुखणं, हालचाल, ताकद, कशातच लक्षणीय फरक नव्हता. पुढे २०१२ साली ५ ते १८ वर्षांनंतरची पाहणीही आली आणि चित्र तसंच राहिलं. सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांचा सूरही हाच, की एक पद्धत दुसरीपेक्षा सरस असल्याचं दिसत नाही.

माझा कल साधेपणाकडे आहे. जादा छेद, जादा वेळ, टेंडन घेतलेल्या जागेचं दुखणं हे सगळं टाळता येत असेल तर का टाळू नये? तरीही हाड काढल्यावर टेबलावरच अंगठा फार डगमगताना दिसला, किंवा सर्जनचा हात एका पद्धतीवर पक्का बसलेला असला, तर टेंडन वापरण्यात चूक नाही. अलीकडे काही जण टेंडनऐवजी मजबूत दोरा आणि दोन बटणं वापरून अंगठ्याचं हाड शेजारच्या हाडाला टांगून ठेवतात. हालचाल लवकर सुरू करता येते. साहित्याचा खर्च वाढतो आणि शेजारच्या हाडाला तडा जाण्याचा थोडा धोका असतो.

गुडघ्यासारखा कृत्रिम सांधा इथे बसत नाही का?

बसतो. फ्रान्समध्ये दे ला काफिनिएर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला खुब्याच्या सांध्याच्या धर्तीवर गोळा-वाटीचा सांधा बनवला. जुन्या सांध्यांची वाटी सैल व्हायची किंवा गोळा निसटायचा. अलीकडच्या ‘ड्युअल मोबिलिटी’ रचनेत (गोळा आतल्या वाटीत फिरतो आणि ती बाहेरच्या वाटीत) निसटणं बरंच कमी झालं आहे, आणि फ्रान्स-बेल्जियममध्ये तो भरपूर वापरतात. फायदे खरे आहेत. अंगठ्याची लांबी टिकते, पहिल्या काही महिन्यांत हात लवकर कामाला लागतो, आणि मागे वाकणारं मधलं पेरही थोडं सुधारतं.

तोटेही खरे आहेत. वाटी बसवायला ट्रॅपेझियमचं हाड पुरेसं शिल्लक हवं. सांधा सैल झाला तर पुन्हा ऑपरेशन, तेव्हा शेवटी हाड काढावंच लागतं. आणि हे रोज करणारे सर्जन आपल्याकडे थोडे आहेत. ‘तुम्ही स्वतः असे किती बसवलेत?’ हे विचारायला लाजू नका. हाडाच्या जागी बसवायचे सिलिकॉनचे जुने ठोकळे (स्पेसर) आता मागे पडले. त्यांचे कण सुटून आजूबाजूच्या हाडात सूज आणि पोकळ्या व्हायच्या.

सांधा कायमचा जाम करणं म्हणजे काय? ते कुणासाठी?

दोन्ही हाडं तारा, स्क्रू किंवा पट्टीने जोडून एकजीव करायची. दुखणारा सांधाच उरत नाही, ताकद मात्र राहते. चाळिशीच्या आतला गवंडी, सुतार, फिटर, ज्याचं पोट घट्ट पकडीवर आहे, त्याच्यासाठी याचा विचार करतात. बदल्यात तळहात टेबलावर सपाट टेकत नाही, अरुंद बरणीत हात जात नाही. कधी हाड जुळतच नाही. काही वर्षांनी भार शेजारच्या सांध्यावर जातो. बोटांनी बारीक काम करणाऱ्यांना, तबलजी असो की शिवणकाम करणारी बाई, हे सहसा सोसत नाही.

झीज अगदी सुरुवातीची असेल तर?

लिगामेंट बांधणं (ईटन-लिटलर, १९७३), किंवा अंगठ्याच्या हाडाच्या बुडाशी पाचर काढून त्याचा कोन बदलणं (विल्सन, १९७३), असे पर्याय आहेत. निवडक तरुण पेशंटपुरते. सांध्याला दुखण्याचा निरोप पोचवणाऱ्या बारीक नसा कापण्याचं छोटं ऑपरेशनही करतात.

माझ्या अंगठ्याचं मधलं पेर चिमटीत मागे वाकतं. ते आपोआप सुटेल?

हा तो अपवाद. मुळाचा सांधा आखडला आणि अंगठा तळहाताकडे ओढला गेला की मोठी वस्तू धरण्यासाठी त्याच्या वरचा, म्हणजे या मधल्या पेराचा सांधा मागे वाकून भरपाई करतो. अंगठा नागमोडी दिसू लागतो. हे वाकणं साधारण ३० अंशांच्या पुढे गेलं तर नुसतं मुळाचं हाड काढून भागत नाही, त्याच वेळी वरचा सांधाही तारेने धरावा लागतो, पुढची पिशवी घट्ट करावी लागते, किंवा जाम करावा लागतो. म्हणजे काम वाढतं. असं वाकणं वाढत असेल तर दुखणं सोसवतं म्हणून वर्षानुवर्षं थांबू नका, निदान दाखवून ठेवा. घरी पाहायचं तर कागद अंगठा-तर्जनीत धरून कुणालातरी ओढायला सांगा आणि कडेने फोटो काढा.

पूर्ण भूल लागते का?

सहसा नाही. मानेच्या किंवा काखेच्या जवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करतात. तो रात्रीपर्यंत मेल्यासारखा लोंबतो, घाबरू नका, पण झोळीत सांभाळून ठेवा आणि गरम भांड्यापासून लांब ठेवा. बधिरपणा उतरायच्या आधीच दुखण्याची पहिली गोळी घ्या. काही ठिकाणी फक्त हातातच औषध देऊन, पेशंट गप्पा मारत असताना ऑपरेशन करतात. तेही सुरक्षित आहे.

आधी काय तयारी करायची?

अंगठी आणि पाटल्या आधीच्या आठवड्यात काढून ठेवा. वर्षानुवर्षं न निघालेल्या पाटल्या साबण लावूनही निघत नसतील तर सोनाराकडे जाऊन कापून घ्या. ऑपरेशनच्या सकाळी हे नाटक नको, आणि सुजलेल्या हातावर पाटली राहिली तर बोटांचा रक्तपुरवठा अडू शकतो. नेलपॉलिश काढा, बोटाला लावायच्या यंत्राला ते आड येतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. साखर ताब्यात आणा. तंबाखू, मिसरी, सिगारेट थांबवा. जखम आणि हाड दोन्ही त्याने उशिरा भरतात.

आणि तारीख पाहून घ्या. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या फराळाच्या तोंडावर ऑपरेशन ठेवलं की प्लास्टर घातलेल्या हाताने चकल्या पाडणारी बाई आम्हाला हमखास भेटते. शेतकऱ्यांनी सुगी आणि कापसाची वेचणी उरकून यावं.

प्लास्टर किती दिवस? बरं व्हायला एकूण किती वेळ?

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. अंगठा प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये चार ते सहा आठवडे. तार असेल तर साधारण चौथ्या आठवड्यात ओपीडीतच काढतात, क्षणभर टोचतं एवढंच. त्या काळात बाकीची चार बोटं, कोपर आणि खांदा रोज हलवायचे. प्लास्टरातून फक्त टोकं दिसतात म्हणून बोटं न हलवणारे नंतर अंगठा सोडून बोटांसाठीच थेरपिस्टकडे फेऱ्या मारतात. पहिले काही दिवस हात छातीच्या वर ठेवा, झोपताना उशीवर.

सहा आठवड्यांनी अंगठ्याची हालचाल सुरू. आधी ग्लास धरल्यासारखा उघडणं, मग एकेका बोटाच्या टोकाला टेकवणं. करंगळीच्या मुळापर्यंत ओढून नेण्याची घाई नको. पकडीचे व्यायाम आठ ते बारा आठवड्यांनंतर.

आणि आता कडू भाग. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बहुतेकांना वाटतं, उगीच केलं. प्लास्टर गेलेलं असतं, घरचे म्हणतात झालं की आता, आणि अंगठा मात्र अशक्त, सुजरा आणि दुखरा असतो. हा काळ अपेक्षित आहे. साधारण तीन महिन्यांनी हलकी कामं जमतात, सहा महिन्यांनी फरक स्वतःला पटतो, आणि ताकद वर्षभरापर्यंत वाढत राहते.

जेवण, आंघोळ, संडास?

ऑपरेशन उजव्या हाताचं असेल तर काही आठवडे चमच्याने, डाव्या हाताने जेवायचं. ऑपरेशनच्या आधीच चार दिवस सवय करा. डाव्या हाताचं असेल तर खरी अडचण संडासात येते, आणि ती कुणी विचारत नाही. जेट स्प्रे बसवून घ्या, किंवा आधी हात बदलून सराव करा. शक्य असेल तर कमोड वापरा, कारण भारतीय पद्धतीच्या संडासातून किंवा जमिनीवरून उठताना तळहात टेकवून जोर देण्याची आपली सवय असते, आणि ऑपरेशननंतर पहिले तीन महिने तोच जोर सगळ्यांत वाईट. आंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर. प्लास्टर ओलं झालं तर वाळवत बसू नका, बदलून घ्या.

गाडी, भाकरी, धार काढणं कधी?

दुचाकी साधारण आठ आठवड्यांनी, ब्रेक-क्लच दुखल्याशिवाय दाबता येत असेल तरच. पोळ्या लाटणं तीन महिन्यांच्या आसपास, कणीक मळणं आणि भाकरी थापणं त्यानंतर. कणकेला यंत्र असेल तर ते कायमचं वापरा. अंगठा मुठीत मुडपून धार काढायची पद्धत या सांध्याला मारक आहे, ती ऑपरेशननंतर सोडा आणि पूर्ण मुठीने काढा. जड फावडं-कुदळ सहा महिने नको.

धोके कोणते?

छेदाजवळ किंवा अंगठ्याच्या पाठीला बधिरपणा किंवा झिणझिण्या, बहुतेक वेळा ओसरतात. व्रण दुखरा राहणं. जंतुसंसर्ग. टेंडन चिकटणं. थोड्या लोकांना हात लाल, चकचकीत, आखडलेला आणि प्रमाणाबाहेर दुखरा होण्याचा त्रास होतो. तो लवकर ओळखला तर आटोक्यात येतो. काहींचं दुखणं पूर्ण जात नाही, हेही आधीच ऐकून ठेवा.

प्लास्टरमध्ये ठणका गोळीनेही थांबत नसेल, बोटं निळी-पांढरी किंवा बधिर होत असतील, ताप येत असेल किंवा पू दिसत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दाखवा.

कुणाकडे जायचं, आणि पैसे?

हाताच्या शस्त्रक्रियेचं खास प्रशिक्षण घेतलेल्या सर्जनकडे. मूळ शाखा ऑर्थोपेडिक असो की प्लास्टिक, दोन्ही चालतात. सोबत हाताचं काम जाणणारा थेरपिस्ट आहे का ते विचारा. बिलात ऑपरेशन, भूल, साहित्य आणि थेरपी वेगळी मांडून घ्या. तफावत बहुतेक इम्प्लांटमुळे येते, नुसतं हाड काढण्यात ते लागतच नाही. विमा कंपनीला ‘डे केअर’मध्ये हे बसतं का ते आधी लेखी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन भेटा.

अंगठ्याचा ठसा बदलेल का? आधारला अडचण येईल?

ठसा टोकाच्या त्वचेवर असतो, ऑपरेशन बुडाशी. काही बदलत नाही. प्लास्टर असेपर्यंत रेशन दुकानात दुसरं बोट लावा. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरच्या जीवन प्रमाणासाठी (हयातीच्या दाखल्यासाठी) चेहऱ्याची ओळख वापरावी, मोबाइलवरून होते.

दोन्ही अंगठे दुखतात. एकदमच उरकून टाकू का?

नको. दोन्ही हात प्लास्टरमध्ये असताना तुमचा नाडा कोण बांधणार? जास्त दुखणारा हात आधी करा. दुसरा, पहिला हात घर सांभाळण्याइतका झाल्यावर, म्हणजे सहसा सहा महिन्यांनी. पहिला बरा झाल्यावर दुसऱ्यावरचा भार कमी होतो, आणि मग पुष्कळ जण दुसऱ्यासाठी येतच नाहीत.